साशिमी, सुशी आणि आपण मासेखाऊ: कच्ची मासळी चवीने कशी खावी

लेखन: कुंभारमाठी (विभाग: खाणं-पिणं)

जपानात राहणाऱ्या मराठी माणसाला गावी गेल्यावर दोन प्रश्न हमखास विचारतात. तिकडे सारखे भूकंप होतात का, आणि ते लोक मासे कच्चे खातात ते तू पण खातोस का. दुसऱ्याचं उत्तर "हो, मिटक्या मारत" असं दिलं की समोरच्याचा चेहरा बघण्यासारखा होतो. तिरफळ, ओलं खोबरं आणि सोलं यांच्यावाचून माशाचा विचारही न करणाऱ्या मालवणी घरात वाढलेला माणूस असा कसा बाटला, असं त्यांना वाटतं. इथेही खादाडीच्या धाग्यांवर कोणीतरी "ईSS" करून जातंच. म्हणून हा स्वतंत्र धागा. आवडतं त्यांनी लिहा, आवडत नाही त्यांनी का नाही ते लिहा.

माझं म्हणणं थोडक्यात असं, की साशिमीतला, म्हणजे कच्च्या कापांच्या बशीतला, मासा शिजवलेला नसतो, पण त्याच्यावर काम झालेलं नसतं असं समजू नका. आपण जे काम पाट्यावर आणि कढईत करतो ते जपानी माणूस होडीवर, बर्फात आणि सुरीने करतो. ते कळलं की धास्ती जाते आणि चव लागायला लागते.

सुरुवात मासा मारण्यापासून. चांगल्या माशाला तडफडून मरू देत नाहीत. डोक्यात टोकदार सळी घालून मेंदू क्षणात निकामी करतात, कल्ल्यापाशी आणि शेपटीपाशी चीर देऊन रक्त काढून टाकतात, आणि मग कण्याच्या वरच्या नळीत बारीक तार सरकवून मज्जारज्जूही संपवतात. हे इकेजिमे. मासा तडफडला की स्नायूंमधला एटीपी, म्हणजे स्नायूंना ताकद पुरवणारं द्रव्य, जळून जातो. असा झटपट मारला की तो शिल्लक राहतो, अंग उशिरा ताठरतं आणि पुढच्या काळात त्या एटीपीपासून इनोसिनिक आम्ल तयार होतं. माशाची उमामी, म्हणजे भरीव रसदार चव, म्हणतात ती मुख्यतः याचीच. म्हणून ताई किंवा हिरामे (एक चपटा मासा) यांच्यासारखा पांढऱ्या मांसाचा मासा मारल्या मारल्या कापला तर दाताखाली करकरीत लागतो, पण चव बेताची. तोच दुसऱ्या दिवशी गोडसर लागतो. "जितका ताजा तितका चांगला" हे आपलं किनाऱ्यावरचं गणित इथे अर्धंच लागू पडतं. आजी (हा एक लहान मासा) किंवा इका (माकूळ) असेल तर ताजेपणाला तोड नाही, मोठ्या माशाला मात्र आराम द्यावा लागतो.

मग सुरी. यानागिबा नावाची लांब, अरुंद, एकाच बाजूने धार लावलेली सुरी असते. टाचेपासून टोकापर्यंत ती एकदाच ओढायची, करवतीसारखं पुढेमागे करायचं नाही. काप स्वच्छ बसला की तुकड्याचा पृष्ठभाग गुळगुळीत राहतो आणि सोया सॉस हवा तेवढाच चिकटतो. मागुरो म्हणजे ट्यूना मऊ, तो जाड कापतात. हिरामे आणि फुगू (विषारी अवयवांचा मासा) चिवट, ते इतके पातळ कापतात की खालच्या बशीची नक्षी दिसते. एकच मासा जाड आणि पातळ कापून खाऊन बघा, दोन वेगळे मासे वाटतील.

सुशी वेगळी. तिचा जीव भातात असतो. व्हिनेगर, मीठ, साखर घातलेला भात अंगाइतका कोमट असावा आणि वरचा मासा थोडा गार. सुपरमार्केटच्या शीतकपाटातून काढलेल्या थंडगार सुशीवरून मत बनवू नका एवढंच सांगतो.

खाताना आधी पांढरे मासे, मग लाल, मग चरबीवाले. ओतोरो, म्हणजे ट्यूनाच्या पोटाचा चरबीने भरलेला भाग, आधी खाल्लात तर नंतरचा हिरामे पाण्यासारखा लागेल. बशीतला मुळ्याचा कीस आणि हिरवं शिसोचं पान शोभेचं नाही, खायचं आहे.

आणि पहिल्यांदा खाणाऱ्या मराठी जिभेसाठी माझी शिफारस: ट्यूना नको, सॅमन नको, कात्सुओ नो ताताकी घ्या. शिकोकू बेटावरच्या कोचीचा हा पदार्थ. कात्सुओ या कुप्याच्या कुळातल्या माशाचा लांब तुकडा तांदळाच्या पेंढ्याच्या भडकत्या जाळावर बाहेरून भाजतात, आत तो कच्चाच राहतो. वर मीठ, लसणाचे जाड काप, कांद्याची पात. कोची शहरातल्या हिरोमे बाजारात हा जाळ डोळ्यांसमोर भडकतो आणि लोक लांब बाकांवर दाटीवाटीने बसून सकाळपासून बीअरबरोबर तो खातात. धूर, मीठ, लसूण: चुलीत भाजलेल्या सुक्या बांगड्यावर वाढलेल्याला अजून काय हवं?

---

पापलेटपंथी

पहिला!

ताई आणि आजी दोन्ही खाणारी माणसं आज प्रथमच पाहिली. :D

शंका प्रामाणिक आहे. वशाट वासाचं काय? आमच्याकडे मासा घरात आला की हळद-मीठ-आगळ लावून ठेवल्याशिवाय आई ओट्यापाशी उभी राहत नाही. त्या वासासकट खाता की काय?

---

कुंभारमाठी

@पापलेटपंथी, तो वास माशाचा नाही, उशिराचा आहे. समुद्री माशाच्या अंगात ट्रायमिथाइलअमाइन ऑक्साइड नावाचं द्रव्य असतं, त्याला वास नसतो. मासा मेल्यावर जिवाणू त्याचं ट्रायमिथाइलअमाइन करतात आणि मग घरभर दवंडी पिटली जाते. आगळ आणि लिंबू त्यावर चालतात कारण आम्लामुळे ते उडून नाकापर्यंत येत नाही. आईचं बरोबरच आहे. रक्त काढून लगेच बर्फात गेलेल्या माशात तो वास जवळजवळ नसतो. चांगल्या साशिमीला नाक लावलंत तर फार तर किनाऱ्यावरच्या हवेसारखा काहीतरी वास येईल. "मासळीचा" वास आला तर खाऊ नका, दुकान बदला.

---

सूक्ष्मदर्शिका

लेख छान, पण सगळे सुटल्यासारखे धावायच्या आधी थोडं विरजण घालते. अन्नातल्या सूक्ष्मजीवांच्या तपासणीत पोट भरते, त्यामुळे सवय.

जपानात अलीकडच्या वर्षांत अन्नविषबाधेच्या नोंदलेल्या घटनांमध्ये संख्येने सर्वांत वर आहे तो आनिसाकिस नावाचा कृमी. दोन-तीन सेंटिमीटरचा पांढरा दोरा, डोळ्यांना दिसतो. त्याचं मूळ घर म्हणजे देवमासे, डॉल्फिन यांचं पोट. अळ्या असतात बांगड्याच्या जातीत, कात्सुओत, माकुळात, समुद्रात मोकळ्या वाढलेल्या सॅमनमध्ये. माणसाच्या पोटात गेला की काही तासांत असह्य कळा येतात आणि दुर्बिणीतून चिमट्याने ओढून काढावा लागतो.

व्हिनेगर, मीठ, सोया, वासाबी (झणझणीत हिरवा लगदा), साके (तांदळाची दारू) यांपैकी कशानेही तो मरत नाही. शिमेसाबा म्हणून मीठ-व्हिनेगरात मुरवलेला बांगड्याचा भाऊ मिळतो, त्यातूनही होतो. मरतो तो उष्णतेने किंवा गोठवल्याने. जपानी आरोग्य खात्याचं सांगणं उणे २० अंशांखाली २४ तास. अमेरिकेचा नियम अधिक कडक: उणे २० ला सात दिवस, किंवा उणे ३५ ला गोठवून त्याच तापमानात १५ तास. घरच्या फ्रिजच्या वरच्या कप्प्याचा यात भरवसा धरू नका, दार दर दहा मिनिटांनी उघडतं.

मासा मेल्यावर हे कृमी आतड्यांतून मांसात सरकतात, म्हणून पोट लगेच साफ करणं महत्त्वाचं. गंमत म्हणजे पश्चिमेला फुकुओकाकडे साबा, म्हणजे हाच बांगड्याचा भाऊ, कच्चा, तीळ आणि सोया लावून सर्रास खातात आणि तोक्योचे लोक ते बघून घाबरतात. दोन्हीकडच्या समुद्रात आनिसाकिसच्या जाती वेगळ्या आहेत. पश्चिमेकडची जात मांसात कमी शिरते.

गोड्या पाण्यातले मासे कच्चे अजिबात नकोत, त्यांचे कृमी वेगळे आणि जास्त वाईट. गरोदर बायका आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी हा धागा फक्त वाचावा.

---

उगाच_एक

म्हणजे मरणाची भीती घालवून कृमीची घातलीत. धन्यवाद. रात्री जेवताना वाचत होतो.

---

साखरआंबा

मला सुशी फार आवडते हो! पुण्यात कॅम्पात आणि कोरेगाव पार्कात मिळते, सॅमन, वर तिखट मेयो, आत चीज. पण ऑफिसमधला एक जपानला राहून आलेला आहे तो दर वेळी म्हणतो, "हे खरं जपानी नाही." मग मी काय खाते?

---

जुनेपुराणे

@साखरआंबा, त्या गृहस्थांना ही गोष्ट ऐकवा.

सॅमनची सुशी जपान्यांनी काढलेलीच नाही. जपानी लोक सॅमन खात होते पण भाजून, खारवून. प्रशांत महासागरातल्या सॅमनमध्ये वर सांगितलेला कृमी असतो हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. १९८०च्या दशकात नॉर्वेकडे शेतीतल्या सॅमनचे डोंगर झाले. १९८५ साली त्यांचे मत्स्यमंत्री शिष्टमंडळ घेऊन जपानला गेले आणि पुढे सरकारी पैशांतून 'प्रोजेक्ट जपान' चाललं. खारवून भाजायचा सॅमन विकून भाव मिळत नाही, कच्चा खायचा म्हणून विकला तरच मिळेल, हा त्यातला हिशेब. शेतीतल्या माशाला कोरडं गोळीखाद्य असतं, म्हणून कृमीचा धोका फारच कमी. तरी जपानी आडते नाक मुरडत होते: रंग बरोबर नाही, डोक्याचा आकार बरोबर नाही, वास नदीचा येतो. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला निचिरेई या गोठवलेल्या मालाच्या बड्या कंपनीने ५००० टन घेतला, तो कच्चा खाण्यासाठीच विकायचा या अटीवर. आज जपानी पोरं सुशीच्या दुकानातल्या फिरत्या पट्ट्यावर सर्वांत आधी हात घालतात तो सॅमनवर. मेयो लावलेला सॅमनसुद्धा तिथल्या स्वस्त दुकानांत बिनदिक्कत मिळतो. खा तुम्ही.

---

कुंभारमाठी

@जुनेपुराणे, मस्त! ट्यूनाचंही लिहा ना, तुम्हाला माहीत असणारच.

---

जुनेपुराणे

कोणी विचारलं की मी सुटतो, मग थांबवायचं तुम्ही.

आज आपण जिला सुशी म्हणतो ती निगिरी, म्हणजे भाताच्या मुटक्यावर मासा, ही एदोची, म्हणजे जुन्या तोक्योची. हानाया योहेई (१७९९ ते १८५८) या माणसाच्या नावावर ती साधारण १८२०च्या दशकात टाकली जाते. टपरीवर उभ्या उभ्या खायची वस्तू. मुटका आजच्यापेक्षा बराच मोठा. बर्फ नव्हता, त्यामुळे मासा कच्चा असा फार कमी: व्हिनेगरात मुरवलेला, उकडलेला, सोयात बुडवलेला. भाताला लागणारं व्हिनेगरही तेव्हा स्वस्त झालं. हांदा गावच्या नाकानो माताझाएमोनने १८०४ पासून साके गाळून उरलेल्या चोथ्यापासून ते करायला घेतलं. तांबूस रंगाचं ते व्हिनेगर काही जुन्या वळणाची दुकानं आजही वापरतात.

ट्यूनाला तेव्हा काडीची किंमत नव्हती. मांस लवकर काळं पडतं, चरबी तर त्याहून लवकर बिघडते. लाल भाग सोयात बुडवून टिकवायचे, त्याला झुके म्हणतात. आणि आज ज्याच्यावर पैशांचा पाऊस पडतो तो तोरो, म्हणजे चरबीचा भाग, चक्क टाकून द्यायचे. शीतगृहं आली, दुसऱ्या महायुद्धानंतर लोकांच्या जिभेला चरबी आवडायला लागली, आणि पारडं फिरलं. जानेवारी २०१९मध्ये तोक्योच्या तोयोसू मासळीबाजारातल्या नववर्षाच्या पहिल्या लिलावात आओमोरी प्रांतातल्या ओमाचा २७८ किलोचा ट्यूना ३३ कोटी ३६ लाख येनांना गेला. घेणारे कियोशी किमुरा, सुशीच्या दुकानांची साखळी चालवणारे. अर्थात ती जाहिरात असते, रोजचा भाव तो नव्हे.

आणि या सगळ्याची पणजी म्हणजे बिवा सरोवराकाठची फुनाझुशी. मासा मिठात महिनोन् महिने, मग भातात दाबून आणखी महिनोन् महिने. भात आंबतो, मासा टिकतो. मी चाखली आहे. त्याबद्दल एवढंच म्हणेन की ज्यांना जुनं, कुजकट वासाचं चीज आवडतं त्यांनी जरूर जावं.

---

डोंगरावरची

शाकाहारी आहे तरी वाचत इथवर आले. नवऱ्याची बदली ओसाकाला होते आहे. सुशीच्या दुकानात मी नुसता चहा पिऊन यायचं का?

---

निशिकासाईकर

@डोंगरावरची, उपाशी राहणार नाही. भाताच्या गुंडाळ्या असतात: कप्पामाकी (काकडी), शिंकोमाकी (पिवळा खारवलेला मुळा), नात्तोमाकी (आंबवलेलं सोयाबीन, तारा सुटतात, प्रकरण स्वभावावर अवलंबून). आलं आणि हिरवा चहा तर समोरच असतो. पण सावध: इनारी, म्हणजे तळलेल्या तोफूच्या पिशवीत भरलेला भात, बघून शाकाहारी वाटते, ती पिशवी आणि कांप्योची भोपळ्याची पट्टी बहुधा दाशीत, म्हणजे जपानी रशाच्या पाण्यात, शिजवतात आणि दाशीत कात्सुओचा कीस असतो. अंड्याच्या गोड वडीतही दाशी असते. कडक पाळत असाल तर काकडी आणि मुळ्यावर भर द्या. इकडे तोक्योत निशिकासाईत निम्म्या इमारतीत आपलेच लोक आहेत, पण ओसाकात तुम्हाला पटकन विचारायला कोणी शेजारी मिळेलच असं नाही, म्हणून लिहिलं.

---

आरवलीचो_झील

रे कुंभारमाठ्या, आमच्या हय सकाळी रापणीत फडफडीत बांगडो गावता. सोया घालून तसोच खाल्लो तर काय होतला?

---

कुंभारमाठी

नको रे बाबा. मनापासून सांगतो, नको.

फडफडीत असणं ही एक गोष्ट आणि कच्चं खाण्यासाठी हाताळलेलं असणं ही दुसरी. रापणीतला बांगडा वाळूवर गुदमरून मरतो, रक्त आतच, पोट आतच, आणि ऊन पस्तीस अंशांचं. सूक्ष्मदर्शिका अधिक सांगतील, पण बांगडा, कुपा, सुरमई या जमातीत एक खास अडचण आहे.

बाकी मासा म्हणून आपल्या मासळीत काही कमी नाही. सुरमईचा भाऊबंद सावारा ओकायामाकडे कच्चा आवडीने खातात. आपल्या पापलेटाचा नातेवाईक मानागात्सुओ कान्साईत साशिमी म्हणून मिळतो आणि फार सुरेख लागतो, लोण्याच्या अंगाचा. म्हणजे फरक जातीत नाही, होडीपासून बशीपर्यंतच्या साखळीत आहे. ती साखळी आपल्याकडे कच्च्यासाठी बांधलेलीच नाही, कारण आपल्याला तिची गरज नव्हती. आपण सार करतो, आणि उत्तम करतो.

---

सूक्ष्मदर्शिका

अडचण हिस्टामीनची. या माशांच्या मांसात हिस्टिडीन भरपूर असतं. मासा बर्फाबाहेर राहिला की जिवाणू त्याचं हिस्टामीन करतात. मग चेहरा लाल, अंगावर गांध्या, डोकं ठणकणं. लोकांना वाटतं माशाची ॲलर्जी आली. आणि हे एकदा तयार झालं की गोठवून जात नाही, *तळूनही* जात नाही. त्यामुळे हा मुद्दा शिजवून खाणाऱ्यांनाही लागू. बाजारातून येताना बर्फ मागून घ्या.

आणखी एक, रावसाला इंग्रजीत 'इंडियन सॅमन' म्हणतात म्हणून त्याची सुशी करणारे महाभाग मला भेटलेले आहेत. रावसाचा सॅमनशी काहीही संबंध नाही.

---

पापलेटपंथी

मानागात्सुओ हे नाव वहीत लिहून घेतलं. आयडीला जागायला हवं.

---

तोयामावासी

उशिरा आले. जपान समुद्राच्या बाजूला राहते, आणि तोक्योवाल्यांनी सगळं तोयोसूत जाऊन खायचं असतं असा ग्रह करून दिलाय तो मोडायला आले आहे.

इथे तोयामाच्या खाडीत किनारा सोडला की तळ एकदम खोल जातो, त्यामुळे खोल पाण्यातली मासळी बंदरापासून हाकेच्या अंतरावर. हिवाळ्यात हिमी बंदरात बुरी नावाचा मोठा मासा येतो. थंडीत चरबी धरलेला बुरी, त्याचा काप सोयात बुडवला की तेलाचे थेंब वर तरंगतात. उन्हाळ्यात तोच मासा खाल तर म्हणाल यात एवढं काय. त्यामुळे "कुठला मासा चांगला" हा प्रश्नच इथे कोणी विचारत नाही, "आत्ता काय आहे" असं विचारतात.

वसंतात होतारु-इका येतात, बोटाएवढी चमकणारी माकुळं. लोक येतात आणि कच्ची मागतात. आतड्यांसकट कच्ची खाऊ नका, त्यात वेगळाच कृमी असतो. उकडून, व्हिनेगर घातलेल्या मिसोबरोबर (आंबवलेल्या सोयाबीनचं वाटण) खातात आणि तीच त्याची उत्तम तऱ्हा आहे असं माझं मत. कच्चं ते सगळं भारी, असं नसतं.

पण मला सांगायचंय ते कोबुजिमेबद्दल, ते तुम्ही कोणी लिहिलंच नाहीत. पांढऱ्या माशाचे काप कोंबूच्या, म्हणजे समुद्री शेवाळाच्या वाळवलेल्या पट्ट्यांमध्ये दाबून ठेवतात, काही तास ते एक-दोन दिवस. कोंबू पाणी शोषून घेतो, मासा घट्ट होतो, किंचित चिकट, पिवळसर. आणि कोंबूतलं ग्लुटामेट माशात उतरतं. १९०८ साली किकुनाए इकेदांनी उमामी शोधली ती याच कोंबूतून. माशाचं इनोसिनिक आम्ल आणि कोंबूचं ग्लुटामेट एकत्र आले की चव नुसती बेरजेने वाढत नाही, कितीतरी पटींनी वाढते. तोयामात कोंबू उगवत नाही! तो उत्तरेच्या होक्काइदो बेटावरून यायचा, कितामाएबुने नावाच्या व्यापारी गलबतांतून. त्या गलबतांनी इथल्या लोकांना कोंबूचं असं वेड लावलं की आजही घरोघर कोबुजिमे होते. शिरोएबी, म्हणजे इथली पारदर्शक कोळंबी, तिचीही करतात. एकेक सोलायची, करंगळीएवढीसुद्धा नसते. सोलणाऱ्या बायकांना माझा दंडवत.

मराठी पाहुणे आले की मी पहिल्यांदा कोबुजिमेच देते. सोयाही लागत नाही.

---

कुंभारमाठी

@तोयामावासी, माझी शिफारस बदलायला लावता की काय! तरी कात्सुओचा धूर सोडणार नाही. बाकी सगळ्याला अनुमोदन, विशेषतः "आत्ता काय आहे" ला.

---

शिस्तप्रिय_तात्या

सर्वांनी चवीचे लिहिले, रीतीचे कोणी लिहिले नाही. निगिरी हाताने खाल्ली तरी चालते, किंबहुना उत्तम. उलटी करून माशाची बाजू सोयात टेकवावी, भात बुडवू नये, फुटतो. वासाबी सोयात कालवून हिरवा चिखल करणे हा अपराध आहे. वासाबी माशावर थोडा ठेवावा.

---

निशिकासाईकर

तात्या, माझ्या ऑफिसातले निम्मे जपानी तोच चिखल करतात. अपराधी कोण?

---

शिस्तप्रिय_तात्या

निम्मे अपराधी.

---

कुंभारमाठी

तात्यांच्या बाजूने एक: खरा वासाबी खवणीवर, जुन्या पद्धतीत शार्कच्या कातडीवर, किसतात आणि त्याचा झणका काही मिनिटांत उडून जातो. सोयात कालवला की तो गेलाच. पण नळीतून येणारा किंवा स्वस्त दुकानातला हिरवा गोळा बहुतेक वेळा होर्सरॅडिश या पांढऱ्या मुळाचा असतो, हिरवा रंग घातलेला. त्याचा चिखल केल्याने कोणाचं काही बिघडत नाही. खरा खायचा तर शिझुओकात इझूकडे किंवा नागानोत आझुमिनोला, जिथे वाहत्या थंड पाण्यात त्याचे मळे आहेत. त्यात तिखटाच्या मागून गोडवा येतो.

---

प्रश्नचिन्ह

एवढ्या चर्चेत कोणी हे विचारलं नाही: ब्लूफिन ट्यूना संपत आलाय ना? चवीच्या गप्पा मारताना याचं काय?

---

जुनेपुराणे

रास्त प्रश्न. प्रशांत महासागरातल्या ब्लूफिनची संख्या २०१०च्या सुमारास खरोखर रसातळाला गेली होती. नंतर देशांनी पकडीवर, विशेषतः लहान माशांच्या, कडक मर्यादा घातल्या, आणि २०२४च्या मूल्यमापनात ठरवलेली पातळी अपेक्षेच्या बरीच आधी गाठल्याचं दिसलं. म्हणजे आवर घातला तर समुद्र परत देतो. किंदाई विद्यापीठाने २००२मध्ये ब्लूफिनचं अंड्यापासून अंड्यापर्यंतचं पूर्ण चक्र शेतीत पार पाडलं, दशकांच्या खटपटीनंतर. पण त्याला खायला घालायला दुसरे मासे लागतातच, त्यामुळे तो फुकटचा उपाय नाही. मला विचाराल तर आजी, इवाशी (तारलीसारखा मासा), साबा खावेत. स्वस्त, भरपूर, आणि चवीला ओतोरोपेक्षा कमी मानणाऱ्याशी मी वाद घालीन.

---

निशिकासाईकर

खिशाचा मुद्दा राहिला. एकट्याने राहणाऱ्या, नुकत्याच आलेल्या पोरांसाठी:

फिरत्या पट्ट्याची सुशी १९५८मध्ये ओसाकाकडे योशिआकी शिराइशींनी काढली, बीअरच्या कारखान्यातला पट्टा बघून. दोन तुकड्यांची बशी शंभर-दीडशे येनांच्या आसपास सुरू होते. पट्टा आता बऱ्याच ठिकाणी नुसता शोभेला, पडद्यावर बोट लावून मागवायचं, छोट्या गाडीतून बशी येते. तिथे आजी, इवाशी, होताते (मोठा शिंपला) मागवा. ओतोरोवर पैसे घालवू नका. मोठ्या दुकानांत दुपारच्या जेवणाची चिराशी, म्हणजे भातावर पसरलेले काप, रात्रीच्या मानाने फार स्वस्त पडते. आणि संध्याकाळी उशिरा सुपरमार्केटात निम्म्या किमतीची चिठ्ठी लावणारे काका येतात. त्यांच्या मागे सभ्यपणे, पण जवळून चालावं. त्या दिवशीचाच माल असतो, रात्रीच खाऊन टाकायचा, उद्यासाठी ठेवायचा नाही.

---

उगाच_एक

त्या काकांच्या मागे मी दोन आजींशी स्पर्धा केलेली आहे. खऱ्या आजींशी. हरलो.

---

साखरआंबा

धागा वाचून तिकीट काढलंय! मार्चच्या मध्यावर आई-बाबांना घेऊन तोक्यो. आई रत्नागिरीची, मासे रोज, पण कच्चं म्हटलं की उठून जाईल. बाबा काहीही खातात. काय खिलवू? आणि फुगू खाऊन बघायचा का?

---

कुंभारमाठी

आईंना तोयामावासींचं ऐकून ताईची कोबुजिमे मागवा, बरोबर भाजलेला मासा, मिसो सूप आणि भात असू द्या म्हणजे ताट ओळखीचं वाटेल. होताते पण चालेल, गोड असतो. एकच तुकडा, आग्रह नको. बाबांना तोयोसूला किंवा त्सुकिजीच्या बाहेरच्या बाजारात न्या. आतला घाऊक बाजार ऑक्टोबर २०१८मध्ये तोयोसूला गेला, बाहेरची दुकानं तिथेच आहेत. सकाळी लवकर.

फुगू परवाना असलेल्याकडेच कापला जातो, त्यामुळे घाबरायचं कारण नाही. विष मुख्यतः यकृत आणि अंडाशयात, ते भाग बशीत येतच नाहीत. पण खरं सांगू का, चव फार सौम्य. पैसे जास्त नावाचे. आणि त्याचा हंगाम थंडीचा, मार्चमध्ये उताराला लागलेला असतो.

त्याऐवजी तोक्योजवळच्या एनोशिमाला जा. सागामी खाडीत शिरासुची, म्हणजे इवाशीच्या बारीक पिल्लांची, मासेमारी १ जानेवारी ते १० मार्च बंद असते. तुम्ही पोहोचाल तेव्हा नुकती उघडलेली असेल. भातावर कच्चे शिरासु, वर आल्याचा कीस.

---

साखरआंबा

डोळ्यांसकट?

---

कुंभारमाठी

डोळ्यांसकट. आईंना उकडलेल्याचा भात सांगा, त्याच दुकानात मिळतो. आणि दारावर पाटी बघून आत जा: होड्या गेल्या नसतील त्या दिवशी कच्चे नसतातच, आदल्या दिवशीचे ते देत नाहीत.

---

तोयामावासी

आणि मार्चच्या शेवटापर्यंत थांबणार असाल तर इकडे या. होतारु-इका सुरू झालेली असतील. उकडलेली!